आपलं की परकं?

बेल वाजली की शालन आतूनच ओरडायची, "आपलं की परकं?" मी रोजचा नवरा, तरी "आपलं" म्हटल्याशिवाय कडी निघायची नाही. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी इमारतीचा अख्खा मजला हसायचा.

मी सातवी शिकलेला, सरकारी गेस्ट हाउसचा ड्रायव्हर. ती एका दफ्तरात डेटाबेस सांभाळायची, म्हणजे लाखो लोकांची माहिती ठेवलेलं कपाट, पण कॉम्प्युटरमधलं. एकदा भाजी निवडताना म्हणाली, "अहो, शरीराला कुणी चोरांची, म्हणजे रोगजंतूंची, यादी देतं का? ते आधी घरच्यांना ओळखतं, मग वेगळं वागेल त्याला धरतं. मी डेटाबेसला तेच शिकवतेय. कोण कसं टाइप करतं, काय बघतं, यावरून ओळखायचं."

मी म्हटलं, "आणि पाहुणा आला तर? लगेच हाकलणार?"

तिच्या हातातली मेथी तशीच राहिली. "बिल्कुल नाही. बसवायचं, पाणी द्यायचं, लक्ष ठेवायचं. ड्रायव्हरसाहेब, अक्कल आहे तुम्हाला!"

मग तिचं दुखणं सुरू झालं. तिचं शरीर तिच्याच सांध्यांना परकं समजून खातंय, असं डॉक्टर म्हणाले. बोटं सुजली. एका सकाळी ती हळूहळू टाइप करायला लागली आणि तिच्याच डेटाबेसने तिला पाहुण्यासारखं बाहेरच बसवलं. घरी येऊन आधी हसली, मग रडली. "घरात हे शरीर, दफ्तरात ते मशीन. दोघांनीही मला ओळखलं नाही."

तिच्या साहेब मॅडम म्हणाल्या होत्या, "शालनजी, आपके लिए चेकिंग बंद कर दें?"

शालन ऐकते कसली! "माझ्यासाठी दार उघडं ठेवलं तर चोरही तिथूनच येईल."

आठ दिवस मी तिला स्कूटरवरून नेलं, तिच्या चपलांचे पट्टे लावले. ती त्याच सुजल्या बोटांनी मशीनला आपला नवा हात शिकवत बसली. नवव्या दिवशी मशीनने आत घेतलं. शरीराने मात्र शेवटपर्यंत ऐकलं नाही. हिवाळ्यात गेली.

तिचा चष्मा आणि शाल आणायला दफ्तरात गेलो. मॅडम म्हणाल्या, "भाईसाहब, नाम तो हटाना पड़ा. पर उनका वो धीमा हाथ सिस्टम आज भी अपना मानता है."

मी चष्मा खिशात ठेवला. शाल काखेत धरून घरी आलो. किल्ली खिशातच होती, पण बोट सवयीने बेलवर गेलं. आत बेल वाजली.

"आपलं," मी म्हटलं.

कुणी विचारलंच नव्हतं.