तिसऱ्या घंटीच्या आत

रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की मी वहीत चार ओळी लिहिते. कोण येऊन गेलं, काय बिघडलं, काय दुरुस्त झालं, आणि शेवटी देवाचे आभार मानावेत अशी एक तरी गोष्ट. मागच्या महिन्याची पानं उलटली तर जिथे तिथे वन्संच. तेव्हा म्हटलं, त्यांच्याबद्दल एकदा सलगच लिहून काढावं.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहतात. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे उंच भिंतीचं चिमुकलं अंगण. वय बहात्तर, पाठ अजून फूटपट्टीसारखी. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर दिव्यांची भिंत, हातात दोऱ्या. इकडची दोरी तिकडच्या भोकात खुपसायची की दोन माणसं बोलायला लागायची. त्यांचा नियम एकच, तिसरी घंटी वाजायच्या आत फोन उचललाच पाहिजे. ऑफिसात त्यांना ‘तिसरी घंटी’ म्हणूनच ओळखायचे. दुसरा नियम, कामावर असताना स्वतःचा फोन घ्यायचा नाही. आणि तिसरा, फोनवर विचारणाऱ्याला आपल्याकडची कुठलीही माहिती द्यायची नाही, मग तो स्वतःला राजा म्हणवून घेवो.

निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. नियम काही निवृत्त झाले नाहीत.

एकदा त्यांनी मला सांगितलं होतं, एका दुपारी बोर्डावर एक दिवा लागला, त्यांनी दोरी लावली, तर पलीकडून कुणी बोलेचना. नुसता श्वास. शेजारची म्हणाली, सोड, कुणीतरी खोडी काढतंय. वन्संनी सोडलं नाही. नंबर कुठल्या घरातला ते शोधलं, त्या गल्लीतल्या दुकानदाराला फोन लावला आणि दारावर पाठवलं. घरात एक बाई चक्कर येऊन पडल्या होत्या. “तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही,” वन्सं म्हणाल्या. “पण ती लाइन मी सोडली नाही बघ.”

तर अशा बाईच्या घरात भरदुपारी चोर शिरला. त्या आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. परत जाऊन बघतात तर मागचं दार उचकटलेलं, आणि गेलं काय, तर एक जुना रेडिओ आणि एक घोंगडी. “मेल्याला थंडी वाजत असावी,” इतकंच म्हणाल्या. पण पुढच्या दाराची कडी त्यांनी तीनदा ओढून बघितली, ते मी पाहिलं.

त्यांची एकुलती एक लेक दूर, पाच-सहा तासांच्या प्रवासावर नोकरीला असते. तिने फोनवरच फर्मान काढलं. “आई, बस झालं. माझ्याकडे ये. घर बंद करू.”

“घर बंद करायला मी काय दुकान चालवते?”

“मामी, तुम्ही तरी सांगा हिला!”

मामी म्हणजे मी. आई आणि मुलीच्या भांडणात मामीने तोंड घातलं की दोन्हीकडून फटके बसतात, हे मला पंचवीस वर्षांत कळलं आहे. मी चहा गाळायला उठले.

शेवटी तह झाला. घराला अलार्म बसवायचा आणि एक महिना बघायचा. लेकीचं म्हणणं सरळ होतं. “घरात काही झालं आणि कुणाला कळलंच नाही, याची मला भीती वाटते. ती भीती गेली तर तू तिथे राहा. नाही गेली तर सामान आवरायचं.” आणि नुसतं बोलून थांबली नाही. चाकांची एक मोठी निळी बॅग पाठवून दिली. वन्संनी ती दारामागे उभी केली. जाता-येता तिच्याकडे असं बघायच्या, जशी सवतच घरात आली आहे.

अलार्मवाला आला. दारा-खिडक्यांना काडेपेटीएवढे तुकडे चिकटवले, खिडक्यांचे तर काचेवर ठोके बसले तरी वाजणारे आणि घरात माणूस असतानाही चालू राहणारे, स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पांढरा डबा लावला. म्हणाला, “आजी, यंत्र एकच आहे. प्रश्न एवढाच, वाजलं की ऐकणार कोण? तुम्ही स्वतः लक्ष ठेवणार असाल तर निरोप तुमच्या मोबाइलवर येईल, शिवाय आणखी दोघांच्या. कंपनीवर सोपवलंत तर तो कंट्रोल रूममध्ये जाईल. तिथे चोवीस तास माणूस बसलेलं असतं. ते या डब्यातून तुमच्याशी बोलेल, खुणेचा शब्द विचारेल. उत्तर आलं नाही तर आमचा गार्ड येईल. त्याचे दरमहा वेगळे पैसे.”

“म्हणजे माझ्या घरावर कान ठेवायला परकी माणसं?” वन्सं ताडकन म्हणाल्या. “अरे, चौतीस वर्षं मी गावाचे कान होते! माझं घर मला ऐकता येत नाही होय?”

लेकीने मध्यममार्ग काढला. पंधरा दिवस असं, पंधरा दिवस तसं.

पहिले पंधरा दिवस वन्संचे. निरोप त्यांच्या, लेकीच्या आणि माझ्या मोबाइलवर. पहिला आठवडा दृष्ट लागण्यासारखा गेला. दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी त्या आमच्याकडे मटार सोलायला आल्या. मटार मोठी टोपलीभर होता. मी म्हटलं, “वन्सं, तुम्ही सुरुवात करा, मी प्रार्थना आटोपून आलेच.” प्रार्थनेच्या वेळी माझा मोबाइल मुका असतो, आणि त्या दिवशी तो नंतरही मुकाच राहिला. देवाशी बोलताना मध्येच कुणी घुसलेलं मला चालत नाही.

सव्वा अकरा वाजता वन्संच्या घराचं मागचं दार उघडलं. साडेबारा वाजता पोस्टमनने आमची बेल दाबली. “तुमच्या ताईंच्या घरात काहीतरी कोकलतंय केव्हाचं. लोकांना वाटलं, कुणाची तरी गाडीच बोंबलतेय.”

आम्ही धावत गेलो. चोर नव्हता. कडी नीट बसली नव्हती, वाऱ्याने दार उघडलं होतं. पण वन्संचा मोबाइल होता कुठे? स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये, घडी केलेल्या फडक्याखाली.

“अहो वन्सं, ड्रॉवरमध्ये?”

“कामाला निघाले होते ना मी! मटार सोलायचा म्हणजे काम नाही का? कामावर जाताना स्वतःचा फोन ड्रॉवरमध्ये.” हे सांगताना त्यांचा चेहरा पडला. स्वतःचंच ऐकून पडला.

लेक त्या वेळी मीटिंगमध्ये होती. म्हणजे तीन मोबाइल, तीन शहाण्या बायका, आणि सव्वा तास कुणाच्याही कानावर काही नाही. त्या दिवशी वहीत आभाराची ओळ मला सुचेना. रात्री झोपताना देवाला म्हटलं, तुझ्याशी बोलत होते म्हणून वन्संच्या घराची हाक ऐकली नाही, हे तुला तरी आवडलं असेल का? उत्तर मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून मोबाइल दिव्याशेजारी, आवाज पूर्ण मोठा. आमचे हे म्हणाले, “आता देवालाही रिंगटोन पाठ होईल.”

अलार्मवाल्याने मागच्या दाराला नवीन कुलूप बसवलं. दार लोटलं की आपोआप बंद होणारं, बाहेरून किल्लीशिवाय न उघडणारं. तेही वाऱ्याला घाबरून. या कुलपाचं पुढे सांगते.

मग कंपनीचे पंधरा दिवस. वन्संनी पहिलं काय केलं असेल, तर कंट्रोल रूमच्या नंबरवर वेगवेगळ्या वेळी पाच फोन केले आणि कॅलेंडरच्या पाठीमागे घंट्या लिहिल्या. सकाळी सहा घंट्या. दुपारी चार. जेवणाच्या वेळी नऊ! “नऊ घंट्या! आमच्याकडे असती तर साहेबाने उभी सोलली असती.” एकदाच दोन घंट्यांत फोन उचलला गेला. एका मुलीने. “ही बरी वाटते,” वन्सं पुटपुटल्या. “आवाजावरून कळतं, ताठ बसून बोलते.”

अकराव्या दिवशी त्या बाजारातून आल्या, पीठ चाळायच्या गडबडीत अलार्म बंद करायचा राहिला. डबा त्याच दोन घंट्यांवाल्या मुलीच्या आवाजात बोलला, “नमस्कार आजी, कंट्रोल रूममधून बोलतेय. खुणेचा शब्द सांगता का?”

“तू कोण?”

“कंट्रोल रूम, आजी.”

“ते कुणीही म्हणेल. आधी तुझी ओळख पटव.”

“आजी, शब्द सांगितला नाहीत तर मला गार्ड पाठवावा लागेल.”

“धमकी देतेस? फोनवर विचारणाऱ्याला मी जन्मात काही सांगितलेलं नाही!”

बाराव्या मिनिटाला गणवेशातला एक धिप्पाड माणूस दारात. भर उन्हात हातात टॉर्च. वन्सं पिठाने माखलेल्या, हातात चाळणी. “आजी, सगळं ठीक?”

“ठीक नसतं तर चाळणी घेऊन स्वागताला आले असते का?”

हसायला आम्ही हसलो, पण लेक हसली नाही. “मामी, हिला स्वतःवर सोपवलं तर फोन ड्रॉवरमध्ये. दुसऱ्यावर सोपवलं तर त्यांच्याशीच भांडण. आता कशाच्या भरवशावर ठेवू हिला तिथे?” तिचंही चूक नव्हतं.

त्या संध्याकाळी मी वन्संकडे गेले तर निळी बॅग पलंगावर उघडी. आत दोन साड्या आणि एक शाल. वन्सं खिडकीत बसलेल्या.

“वन्सं, हे काय?”

“अगं, मी विचार करत होते. कंट्रोल रूममधली ती पोरगी बरोबर होती. मी ठणठणीत बोलत होते तरी तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. शब्द नाही, तर माणूस पाठवला. मीही तेच केलं असतं.” खिडकीची कडी लावत म्हणाल्या, “गंमत बघ, आयुष्यभर बोर्डाच्या या बाजूला बसले. त्या बाजूला कसं बसायचं, ते कधी शिकलेच नाही.”

मग उठून त्यांनी कंट्रोल रूमला फोन लावला आणि दोन घंट्यांत फोन उचलणारी ती मुलगी मागून घेतली. “बाळ, मघाची चाळणीवाली आजी. तुझं चुकलं नाही, माझं चुकलं. पुढच्या वेळी शब्द सांगेन.” पलीकडून ती काय म्हणाली कोण जाणे, पण वन्सं पाच मिनिटं तिला जुन्या दोऱ्यांच्या बोर्डाबद्दल सांगत होत्या. बॅग मात्र पलंगावरच राहिली. महिना संपायला चारच दिवस उरले होते.

त्यातल्या तिसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, वन्सं अंगणात कपडे वाळत घालायला गेल्या. वारा आला, दार धाडकन लागलं आणि त्या नव्या कुलपाने आपलं काम चोख बजावलं. किल्ली आत. मोबाइल ड्रॉवरमध्ये, सवयीने. भिंत डोक्यापेक्षा उंच. पायात सपाता, अंगावर ऊन चढायला लागलेलं. दोनदा हाका मारल्या, पण शेजारचे सगळे कामावर गेलेले.

वन्संनी कपडे वाळत घालायची काठी उचलली आणि मागच्या खिडकीच्या काचेवर ठक, ठक, ठक. तिसऱ्या ठोक्याला अलार्म कोकलला. मिनिटाभराने स्वयंपाकघराच्या वरच्या झडपेतून डब्याचा आवाज बाहेर आला. “आजी? कंट्रोल रूम. खुणेचा शब्द?”

तीच मुलगी.

“भोपळा!” वन्सं ओरडल्या. काही उत्तर नाही. सगळा जीव गोळा करून पुन्हा, “भोऽऽपळा!”

“आजी, आवाज लांबून येतोय. तुम्ही घरात आहात ना?”

“अंगणात अडकलेय! बरी आहे! गार्ड नको, माझ्या भावजयीला फोन लाव!”

“लावते. आणि आजी, ती येईपर्यंत मी लाइन सोडत नाही.”

माझा मोबाइल दिव्याशेजारी वाजला तेव्हा मी डोळे मिटून बसले होते. दुसरी घंटी संपायच्या आत उचलला. जपमाळ हातात, दुसऱ्या हातात वन्संच्या घराची जादा किल्ली, आणि मी रस्त्यातून पळतेय. गल्लीच्या तोंडाशी शिंप्याने हटकलं, “वहिनी, ताईंना झालंय काय? मघापासून भोपळा मागतायत!”

मी दार उघडलं तेव्हा वन्सं उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून झडपेकडे तोंड करून गप्पा मारत होत्या. “हं, आली बघ. ठेव आता, बाळ. दुसरं कुणी वाट बघत असेल.”

लेकीच्या मोबाइलवर सगळी नोंद गेली होती. नऊ वाजून चार मिनिटांनी खिडकी, नऊ पाचला बोलणं, नऊ पंधराला दार उघडलं. तिचा फोन आला. मी मनाची तयारी करून स्पीकर लावला.

“अकरा मिनिटं,” ती म्हणाली. मग हसली की रडली, मला नीट कळलं नाही. “आई, गेल्या वेळी सव्वा तास लागला होता.”

“हो गं. तेव्हा ऐकणारं कुणी नव्हतं.”

“मग काय ठरलं तुझं?”

“कंपनीचं राहू दे,” वन्सं म्हणाल्या. “ऐकायचं काम जो करतो त्याने स्वतःची हाक ऐकत बसायचं नसतं. त्याची हाक दुसऱ्याने ऐकायची. आणि माझी भावजय आहेच की, दिव्यापाशी.”

“आणि तू त्या घरातच राहणार.”

“म्हणजे काय? तूच तर म्हणाली होतीस.”

“म्हणाले होते,” लेक म्हणाली. “राहा. पण आई, ते कुलूप बदल आणि फोन ड्रॉवरमधून काढ.”

“कुलूप बदलते,” वन्सं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं. खुणेचा शब्दही बदलावा लागला, कारण जुना आता गल्लीभर झाला होता. नवा काय, ते त्यांनी मला सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, “तू कोण विचारणारी?” निळ्या बॅगेत लोकरीचे गुंडे भरलेत. बॅग दारामागेच आहे, पण आता वन्सं तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

आजच्या आभाराच्या ओळीत मी त्या मुलीसाठी दोन शब्द लिहिले. तिचं नाव मला माहीत नाही.