केडगावला गेलेलं फाटक

आमच्या मागच्या दारासमोर चॅपलच्या दफनभूमीची भिंत आहे. काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली, माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी उंच. त्या भिंतीत एक जुनं लोखंडी फाटक. गजांना वर भाल्यासारखी टोकं. बिजागरी झिजल्यामुळे उजवी झडप खाली टेकायची. उघडली की आधी कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि मग फरशीवर खर्रकन ओरखडा.

पप्पा श्रीगोंद्याकडे साखर कारखान्यात फिटर होते. तिथेच खोली करून राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. रस्त्याने वळसा पडतो म्हणून ते चॅपलच्या अंगणातून शिरत, थडग्यांमधून चालत या फाटकाने बाहेर पडत. आवाज आला की आई चहाचं आधण ठेवायची. पुढे त्यांना पुरलंही याच भिंतीच्या आत, फाटकापासून हाकेच्या अंतरावर.

गेल्या पावसाळ्यानंतर मागे येताना एका टेम्पोने फाटकाला धडक दिली. झडप वाकली, कडेचे दगड निखळले. चॅपलच्या पाळकसाहेबांनी दोन्ही झडपा केडगावला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे पाठवल्या. शेळ्या आत शिरू नयेत म्हणून उघड्या जागेत दोरी बांधली.

त्याच आठवड्यात, दिवेलागणीला मी भाकरी थापत होते. मागून तो आवाज आला. कण्हणं, मग ओरखडा. माझे हात परातीतच थांबले. वळून बघते तर आई उठून गॅसपाशी आलेली, पातेल्यात पाणी ओतत होती.

"आई, फाटक केडगावला आहे."

तिने पातेलं खाली ठेवलं. "म्हणजे तूही ऐकलंस?"

"ऐकलं."

ती तिथेच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. "मला वाटायचं माझं डोकं फिरलंय. ते गेल्यापासून ऐकतेय मी, फाटक बंद असलं तरी. तुला सांगितलं असतं तर डॉक्टरकडे नेलं असतंस."

खरंच नेलं असतं. संध्याकाळी ती एक कप चहा जास्त करते आणि तो तसाच निवत पडतो, याला मी तिचा विसराळूपणा समजत होते.

डोळे पुसून ती उठली आणि बाहेर निघाली. मी मागोमाग गेले. दोरीखालून वाकून ती आत शिरली, पप्पांच्या थडग्यापाशी उभी राहिली आणि ते व्हरांड्यात बसलेले असावेत अशा सुरात म्हणाली, "अहो, फाटक दुरुस्तीला गेलंय. तिथं दोरी बांधलीय. पाय अडकेल. दमानं या."

मी मागे बघितलं. दोरी हलत होती. लिंबाचं पानही हलत नव्हतं. आमचाच धक्का लागला असेल तिला. मी स्वतःला तसं सांगितलं, पण येताना आईचा हात घट्ट धरला.

फाटक परत आलं ते काळाभोर रंग लावून, नव्या बिजागऱ्यांवर. दगड बसवून झाल्यावर आईने झडप स्वतः उघडून पाहिली, लावून पाहिली. काही आवाज नाही. बसवायला आलेल्या माणसाला तिने विचारलं, "पूर्वी वाजायचं. तसं नाही का करता येणार?" तो हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून हत्यारं आवरायला लागला.

त्यानंतर संध्याकाळी काहीच ऐकू येईना. आई बरेच दिवस कान देऊन बसायची. एका शनिवारी तिने दोघींपुरताच चहा केला. म्हणाली, "पोचले वाटतं. आता येरझाऱ्या संपल्या त्यांच्या." त्या रात्रीपासून तिला शांत झोप लागू लागली. मावशीकडे शिर्डीला जाऊन राहायचं ती कधीपासून टाळत होती, तिथेही जाऊन आली.

मी मात्र अंधार पडायच्या आत मागच्या दाराला कडी लावते. परवा आईने विचारलं, "भीती वाटते का गं?"

"वाटते."

"तुझ्याच बापाची?"

मी कडी नीट बसलीय का पाहिलं. मग म्हटलं, "आता ते आले तरी आपल्याला कळणार नाही, याची."

आईने कडी काढली, दार उघडं टाकलं आणि वाळत घातलेले कपडे आणायला अंगणात गेली.