धाकटीच्या कर्जाला जामीन

त्या घरात पोरांना धडा शिकवायचा झाला की मोठीचं उदाहरण देत. मोठी म्हणजे दोघी बहिणींतली थोरली. वय एकोणतीस, जीवशास्त्रात एमएस्सी, बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी. पगार सव्वीस हजार. त्यातले सहा हजार सहाशे दर पाच तारखेला शिक्षणाच्या कर्जात जातात आणि अजून साडेचार वर्षं जाणार आहेत. काकांचा मुलगा बारावीला नापास झाला, एसी दुरुस्ती शिकला आणि आता एकेचाळीस हजार मिळवतो. एवढं सांगून काका थांबत. पुढचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं.

तिचं काम म्हणजे ओल्या कागदाच्या घडीत चारशे बिया मांडायच्या, ठरलेल्या उबेच्या कपाटात ठेवायच्या, चौथ्या दिवशी उगवलेल्या मोजायच्या, सातव्या दिवशी पुन्हा.

"मोड तर वहिनीही आणते, फडक्यात बांधून," काका म्हणत. "तिला कोण पगार देतंय?"

"द्यायला हवा," मोठी म्हणे.

यंदा धाकटी बारावी झाली आणि म्हणाली, मलाही जीवशास्त्रच घ्यायचंय. कर्जाला जामीनदार हवा. वडील छापखान्यात पुस्तकबांधणी करतात. मोठीच्या वेळी जामीन तेच राहिले होते. आता पुन्हा नाही, म्हणाले. प्रयोगशाळेजवळ भाड्यानं राहणाऱ्या मोठीला रविवारी मुद्दाम बोलावून घेतलं. काका एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेबनीस. ते तक्ता करूनच आले.

"तूच सांग तिला," वडील म्हणाले. "आम्ही सगळ्यांना सांगतोच, पोरगी पस्तावली म्हणून."

"कोण पस्तावलं?"

"अगं, गेल्या साली तूच म्हणालीस ना, हप्ता भरला की हातात काही उरत नाही."

"हप्त्याबद्दल बोलले होते, बाबा. विषयाबद्दल नाही."

खरं तर येताना बसमध्ये तिनंही 'नको' म्हणायचंच ठरवलं होतं. एकच चप्पल तीनदा शिवून घेण्याचे दिवस तिला पाठ होते. पण आपला पस्तावा आपल्याला न विचारता गावभर वाटला गेलाय, हे तिला आत्ता कळलं. तिनं तक्ता पुढ्यात ओढला. डावीकडे कर्ज, उजवीकडे कमाई.

"काका, चुकलात."

"कुठं?" काकांनी चष्मा चढवला.

"शिकत असतानाचं व्याज धरलंच नाही. साडेचार लाख घेतले होते, फेडायला लागले तेव्हा पाच झाले होते. आणि पहिल्या वर्षी मला चौदा हजार मिळत. हे अठरा कुठून आणलेत?"

तिनं पेन घेऊन आकडे दुरुस्त केले. तक्ता होता त्याहून वाईट झाला. आपली बाजू अशी फुकटात भक्कम झालेली पाहून काकांनी बेरीज पुन्हा करून पाहिली.

"म्हणजे आतबट्ट्याचाच व्यवहार," वडील म्हणाले.

"आजच्या तारखेला, पैशांत, हो."

"मग आणखी कशात मोजायचं?"

"मागच्या महिन्यात एक माल आला. पिशवीवर ऐंशी टक्के उगवण छापलेली. माझ्या मोजणीत एकसष्ट आली. मी एकसष्ट लिहिलं, माल परत गेला. हे कुठल्या रकान्यात घालता, काका?"

"बँक ते विचारत नाही, बाई."

"नाही विचारत. म्हणून तिला मी पैसेच देते."

"आणि एवढं करून तुझं काय उगवलं?" वडिलांच्या तोंडून निघून गेलं.

धाकटीनं मान खाली घातली. मोठीनं आवाज चढवला नाही.

"सातव्या दिवशी न उगवलेलं बी आम्ही लगेच मेलेलं लिहीत नाही. चिमट्यानं दाबून बघतो. पिचलं तर मेलेलं. टणक लागलं तर त्याची नोंद वेगळी. तुम्ही तर मला दाबून न बघताच मेल्यात जमा केलंत."

"कर्ज म्हणजे बी नव्हे गं," काका पुटपुटले.

"नव्हेच. म्हणून कमी घ्यायचं." ती धाकटीकडे वळली. "कुठलं कॉलेज धरलंयस?"

धाकटीनं नाव सांगितलं. दुसऱ्या शहरातलं, खासगी, वसतिगृहाचं.

"मीही त्याच थाटाला भुलले होते. माझं निम्मं कर्ज वसतिगृहाचं आणि त्या इमारतीच्या काचांचं आहे. तू सरकारी कॉलेजात जायचं, घरून. कर्ज सव्वादोन लाख. वर एक पैसा नाही."

"ताई, तिथली मायक्रोस्कोप फार जुनी आहेत."

"जुन्यातूनही दिसतं."

"आणि सही?"

"मी करते."

वडील उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

प्रवेश ठरल्यावर एका मंगळवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बँकेतल्या अधिकाऱ्यानं पगाराची पावती पाहिली, मग संगणकात पाहिलं.

"अहो, तुमचंच अजून चालू आहे की."

"चालू आहे. एखादा हप्ता चुकलाय का बघा."

त्यानं पाहिलं. साडेपाच वर्षांत एकही चुकला नव्हता.

"तरी नियम आहे. दोन्ही हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत."

"माझा सहा हजार सहाशे, तिचा तीन हजार तीनशे. नऊ हजार नऊशे. निम्मा पगार तेरा."

"हिशेब करूनच आलात."

"सव्वादोनचा आकडा हवेतून नव्हता काढला."

ती सही करायला वाकली तेवढ्यात काकांचा फोन आला.

"अजून विचार कर. तिनं नाही फेडलं तर तुझ्या पगारातून कापतील."

"माहीत आहे. फॉर्मवर ठळक छापलंय."

"तक्ता दुरुस्त केलाय मी. तुझी ओळ बरोबर झाली. तिची काय लिहू?"

"कोरी ठेवा," मोठी म्हणाली.

तिनं तीन ठिकाणी सह्या केल्या, फॉर्म पलीकडे सरकवला आणि निघाली. दुपारी सातव्या दिवसाची मोजणी होती.