या वयात लिनक्स

माझी बोटं आखडली आणि हातात पेन टिकेना. शाळा चौथीपर्यंतच, पुढचं लिहिणं माझं मी वाढवलेलं. आता कुठे चार माणसं माझं छापलेलं वाचायला लागली होती. नातू पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर घरात पडून राहिला. त्यावर एका बोटाने टुकटुक करता येतं, म्हणून मी लिहायला बसले आणि बसतच गेले. मग तोही म्हातारा झाला. सकाळी बटण दाबायचं, चहा ठेवायचा, प्यायचा, पातेलं घासायचं, तेव्हा कुठे पडदा उजळायचा. दुरुस्तीवाला म्हणाला, नवी सिस्टीम यावर चालणार नाही, भंगारात द्या.

मुलगा म्हणाला, "आई, कशाला डोकं लावतीस? मोबाईलला बोल की. तो लिहून घेतोय."

बोलायला माझी हरकत नाही. पण मी लिहिते घरातल्या माणसांबद्दल, आणि केडगावच्या आमच्या घरात दोन खोल्यांच्या मधे नुसता पडदा आहे. सून पलीकडे आमटीला फोडणी देत असताना मी मोठ्याने काय सांगू, की ही भांडण झालं की आमटीत मीठ जास्त घालते? कॉम्प्युटर गेला की माझं लिहिणं संपलं, एवढा साधा हिशोब होता.

शेजारची बाई कोर्टात टायपिंग करून निवृत्त झालेली. गल्ली तिला आपा म्हणते. वयाने माझ्यापेक्षा लहान, तरी मीही आपाच म्हणते. तिला सांगितलं, तर ती जोरात हसली.

"मावशी, भंगारात कशाला? लिनक्स टाकू, जुन्या कॉम्प्युटरला चालणारी सिस्टीम. माझ्या घरी तेच चालतंय. फुकट असतंय."

"फुकट? मग त्यात काहीतरी खोट असणार."

"खोट न्हाई. जगभरातली माणसं मिळून करतात. कुणीही उघडून बघावं, सुधारावं, दुसऱ्याला द्यावं."

काष्टीला माझं माहेर. तिथे सप्ताहाला आमटी देवळापुढच्या कढईत होते आणि भाकरी घराघरातून येतात. कुणाची भाकरी कुणाच्या ताटात पडली, कुणी विचारत नाही. मला तेच आठवलं. मी म्हटलं, "आणि भाकरी करपलेली निघाली तर? तक्रार कुणाकडं?"

"तुमी दुसरी थापायची," आपा म्हणाली.

तिने माझं लिहिलेलं सगळं आधी पेनड्राइव्हवर काढून घेतलं आणि मग जुनं पुसून नवं टाकलं. आता चहा उकळायच्या आत पडदा उजळायला लागला. पण बाकी सगळं उलटंपालटं. जिथे 'क' होता तिथे भलतंच अक्षर. लिहिलेलं कुठे ठेवलं ते सापडायचं नाही. मी आपाला खिडकीतून हाक मारायची आणि ती तिथूनच ओरडायची, "उजवीकडचं बटण, मावशी! दुसरं उजवं!" अक्षरांची जागा तिने मला हवी तशी बदलून दिली. तरी बरेच दिवस मी लिहिण्यापेक्षा शोधण्यातच घालवले. रागही आला. या वयात माझ्याकडे घालवायला फार दिवस नाहीत.

आणि एवढं शिकल्यावर ते लिहिता लिहिता बंद पडायला लागलं. पान अर्धं होतंय, की पडदा काळा.

"घे फुकटचं," मुलगा म्हणाला. "उद्या भंगारवाला बोलावतो."

मी आपाकडे गेले आणि म्हटलं, "काढ ते तुझं लिनक्स. मला न्हाई जमत." ती चप्पल घालून तशीच आली. कॉम्प्युटरकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

आमच्याकडे नवी वस्तू आली की हळद-कुंकू लावायचं आणि तिला कव्हर शिवायचं. टीव्हीला आहे, मिक्सरला आहे, पिठाच्या डब्यालाही आहे. आधी कॉम्प्युटरचा हा खोका टेबलाखाली उघडाच असायचा. नवी सिस्टीम आली म्हणून मी तो वर मांडला आणि जाड मांजरपाटाचं कव्हर शिवलं, चारी बाजूंनी खालपर्यंत, कडेला क्रोशाची झालर. लिहिताना फक्त बटणापुरतं वर करायची.

आपाने आत हात घातला आणि झटकन काढला. "या खुदा! मावशी, यावर पापड भाजतील. मागून वारा लागतो याला. तुमी तर थंडीतल्या पोरासारखं गुंडाळलंय!"

कव्हर काढलं. संध्याकाळपर्यंत एकदाही बंद पडलं नाही. सून इतकी हसली की फोडणी करपली, आणि त्या दिवशी मीठही बेताचं होतं. कव्हर आता शिलाई मशीनवर आहे. तिथे शोभतं.

कुणी विचारतं, आजी, या वयात हे शिकून काय मिळालं? नुसतं मोबाईलवर बघायचं असेल तर शिकू नका, वेळ वाया जाईल. रोज यावर काही काम करायचं असेल तर शिका, आणि शेजारी आपा असेल तर उद्याच शिका. माझे दिवस गेले त्याचं मला काही वाटत नाही. माझं लिहिणं चालू आहे.

काल मुलगा मागे येऊन उभा राहिला. "एवढं काय लिहितीस गं?"

"तुझंच चाललंय," मी म्हटलं. "बाजूला हो, उजेड अडतोय."