निळ्या टबातले शिंपले

कवळीवाल्या बाईंचं निम्मं आयुष्य लोकांच्या तोंडात गेलं, असं त्यांची नणंद म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. लग्न झाल्यापासून बाई दातांच्या कारखान्यात कामाला होत्या. कारखाना म्हणजे दवाखान्याच्या मागची एक लांबट खोली. एका भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. खिडकीखाली बाईंचं टेबल. मेण वितळवायचं, त्यात एकेक दात बसवायचा, हिरड्यांचा गुलाबी रंग जुळवायचा. गावातली निम्मी म्हातारी माणसं बाईंनी केलेल्या दातांनी जेवत होती आणि बाईंना त्यातलं एकही माणूस तोंडओळखीचं नव्हतं. म्हणजे तोंड ओळखीचं होतं, माणूस नव्हतं.

मग यंत्रानं कवळ्या होऊ लागल्या आणि खोली बंद झाली. मालक भला माणूस. म्हणाला, "बाई, हवं ते घेऊन जा." बाईंनी आपली मेणाच्या कामाची बारीक हत्यारं घेतली, छोटा ग्राइंडर घेतला, आणि कपाटाच्या तळाशी एक पत्र्याचा डबा होता तोही घेतला. त्यात न नेलेल्या कवळ्या होत्या. माप देऊन गेलेली माणसं, जी परत आलीच नाहीत. "दात तयार झाले आणि गिऱ्हाईक गेलं," मालक हसून म्हणायचा. फेकायला मात्र त्याचाही हात धजला नव्हता.

नणंदेला घरात सगळे चिमणी म्हणत. ती दारातून वाकून आत यायची एवढी उंच, पण लहानपणी पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलं. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली होती आणि रोज नवा धंदा काढायची. बहुतेक धंदे संध्याकाळपर्यंत बुडायचे. हा एक टिकला.

"वहिनी, मोती पिकवायचे," ती एक दिवस म्हणाली. "गोड्या पाण्यात. शिंपला थोडासा उघडायचा, आतल्या पातळ पडद्याखाली बी ठेवायचं, आणि पाण्यात सोडून द्यायचा. तो बिचारा त्या बीवर थर चढवत बसतो. आणि बी कशाचं असतं माहितीये? तुझ्याच पावडरीचं! दातांच्या!"

ते खरं होतं. पान, फूल, चांदणी अशा आकारांची चपटी बी कवळीच्या त्याच अ‍ॅक्रिलिकच्या पावडरीत शिंपल्याची पूड मिसळून करतात. दोघी जाऊन शिकून आल्या. शिकवणारे सर बाईंचा हात बघून म्हणाले, "तुम्हाला मी फक्त शिंपल्याचं शिकवतो. हात तुमचा तयारच आहे."

जागा मिळाली ती एका बंद पडलेल्या दगडखाणीत. खाणीत वर्षानुवर्षं पाणी साठलेलं होतं, हिरवट आणि शांत. तिन्ही बाजूंना कापलेल्या दगडाच्या उभ्या भिंती, त्यामुळे तिथे वारा असा यायचाच नाही. काठाला पूर्वीच्या कामगारांची शेड होती. बाईंच्या नवऱ्यानं, ते पंपांची दुरुस्ती करायचे, तिथे हवा सोडणारा पंप बसवून दिला. शिंपले आधी टबात ठेवायचे, बी घातलं की जखम भरेपर्यंत पुन्हा टबात, आणि मग जाळीच्या पिशव्यांतून खाणीत टांगायचे. वर तरंगायला रिकाम्या बाटल्या.

पहिल्या खेपेत बरेच शिंपले मेले. सरांनी सांगितलंच होतं, मरतात. मेलेला शिंपला आ वासून पडतो आणि एकाला उचलायला उशीर झाला की शेजारचेही जातात. चिमणी रोज सकाळी नाक दाबून मेलेले वेचायची आणि त्यांच्या नावानं बोटं मोडायची.

दुसऱ्या खेपेला पावडर संपली. दुकानदार म्हणाला, माल यायला वेळ आहे. शिंपले तर टबात येऊन पडलेले, त्यांना फार दिवस ठेवता येत नाही. चिमणीची नजर त्या पत्र्याच्या डब्यावर गेली.

"हे काय वेगळं आहे? तीच पावडर. आणि दात तर किती छान, मागून चपटे, पुढून फुगीर."

"लोकांचे आहेत गं ते."

"कुठल्या लोकांचे? तोंडात एकदा तरी गेलेत का?"

बाईंनी डबा उघडला. त्यांनी ग्राइंडरनं कवळ्या कापल्या, पुढचे दात सुटे केले, घासून गुळगुळीत केले. एकेक दात पडद्याखाली सरकवताना त्यांना फार सोपं गेलं. इतर वेळी शिंपला अंग आखडून घेतो, हे मात्र निमूट राहिले. जणू वाटच बघत होते, असं त्या नंतर म्हणाल्या. त्या वेळी त्यांना एवढंच वाटलं की आपला हात आता बसला.

हे शिंपले वेगळे राहावेत म्हणून निळ्या टबात ठेवले. त्यातला एकही मेला नाही.

शेजारच्या टबांत रोजची मर होतीच. निळ्या टबात काही नाही. सर बघायला आले, त्यांनी पाणी तपासलं, शिंपले हातात घेऊन पाहिले आणि डोकं खाजवलं. "असं होत नाही सहसा," ते म्हणाले. "पण झालंय तर चांगलंच आहे. काय घातलंय आत?"

"आमचंच बी," चिमणी पटकन म्हणाली.

त्यानंतर दुपारी शेडमध्ये बसलेल्या असताना बाईंना आवाज आला. टिक. टिक. टिक. शिंपले पाण्यात किंचित उघडे असतात आणि अंगावर सावली पडली की फटकन मिटतात. तसाच आवाज. पण निळ्या टबातले शिंपले एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीनं मिटत गेले. टबाच्या कडेनं कुणी चालत गेलं तर जसं होईल तसं. पलीकडच्या टोकाला ते थांबलं, थोड्या वेळानं शिंपले उघडले, आणि परत उलट्या बाजूनं सुरू झालं.

"पाल असेल," चिमणी म्हणाली.

दोघींनी छत पाहिलं. पाल नव्हती. खिडकीला पुठ्ठा लावला, पंप बंद केला, दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. टिक. टिक. टिक.

"वहिनी," चिमणी हळूच म्हणाली, "थंडीत दात वाजतात ना, तसं वाटतंय."

"गप्प बस."

"मी गप्पच आहे. हेच बोलतायत."

जखमा भरल्यावर तो टब त्यांनी सगळ्यांत आधी खाणीत नेऊन रिकामा केला. ते शिंपले एका वेगळ्या दोरीला टांगले, पार लांबच्या भिंतीजवळ. जवळ ठेवायला दोघींनाही नको वाटत होतं.

पुढे वर्षभर काम चालू राहिलं. पिशव्या घासायच्या, शेवाळ काढायचं, गाठी तपासायच्या. इतर दोऱ्यांच्या बाटल्या जिथल्या तिथे असायच्या. त्या लांबच्या दोरीच्या बाटल्या मात्र दोघी काठावर येऊन उभ्या राहिल्या की हळूहळू अलीकडे सरकायच्या. वारा नसताना. दोघी डावीकडे गेल्या की बाटल्या डावीकडे. दोरीला जितका ढील होता तितक्या जवळ यायच्या आणि तिथे ताणून राहायच्या. बाईंचे यजमान एकदा बरोबर आले होते. त्यांनी बराच वेळ बघितलं, पाण्याला ओढ असेल म्हणाले, आणि पुन्हा कधी आले नाहीत. पंप बिघडला तर घरी आणून द्या, म्हणाले.

मोती काढायचे दिवस आले. पान-फुलांचे मोती बरे निघाले, काही तर फारच देखणे. चिमणी प्रत्येक शिंपल्याला "अगं बाई!" करून ओरडत होती. शेवटी लांबची दोरी राहिली. ती ओढताना पिशव्या अपेक्षेपेक्षा जड लागल्या.

पहिला शिंपला बाईंनी उघडला आणि उजेडाकडे धरला.

दातावर थर चढला होता. दुधाळ, आत गुलाबी झाक असलेला, त्यांनी पाहिलेल्या कुठल्याही मोत्यापेक्षा सुंदर. पण तो दात आता चपटा नव्हता. मागच्या बाजूनं तो वाढला होता. निमुळता होत गेला होता. कवळीच्या दाताला मूळ नसतं, त्याची गरजच नसते, हे बाईंइतकं कुणाला माहीत असणार. या दाताला मूळ फुटलं होतं. त्यांनी दुसरा शिंपला उघडला, तिसरा उघडला. पुढच्या दातांना एकेक मूळ. सुळ्यांना लांब, किंचित वाकडं. खऱ्या माणसाच्या दाताला जसं असतं, तस्सं.

"रुजलेत," चिमणी म्हणाली आणि बाहेर जाऊन दगडावर बसली.

गावातला सराफ मोती बघायला आला होता. पान-फुलं बघता बघता त्याचा हात या दातांकडे गेला. एक उचलून त्यानं उजेडात धरला, डोळे चमकले. मग तो दात त्यानं जरा घाईनंच खाली ठेवला आणि बोटं विजारीला पुसली. "हे राहू द्या," म्हणाला.

त्या दुपारी बाईंनी हाताला लागलेल्या सवयीनं मेणाची पट्टी गरम केली, कमानीसारखी वाकवली आणि त्यात दात बसवायला घेतले. कुठला दात कुठल्याशेजारचा, ते घासल्या-कापल्याच्या खुणांवरून त्यांना कळत होतं. एक संच जुळला. मधल्या दोन दातांच्या कडा किंचित तासलेल्या होत्या, त्यामुळे मध्ये फट राहिली. ती फट बघून बाईंना एक आवाज आठवला.

गिऱ्हाईक सहसा मागच्या खोलीत येत नसे. एक म्हातारी मात्र आली होती. पदर तोंडावर धरून म्हणाली होती, "मधली फट बुजवू नका हो. माझ्या बोलण्यात त्यातून शीळ येते. भावाला दिसत नाही, तो त्या शिळेवरूनच ओळखतो मला." बाईंनी मुद्दाम कडा तासून फट ठेवली होती. ती कवळी न्यायला कुणी आलं नाही.

तिचा तो आंधळा भाऊ बाजारात वेताच्या खुर्च्या विणून देत असे. सगळे त्याला खुर्चीवाले मामा म्हणत. दुसऱ्या दिवशी दोघी त्याच्याकडे गेल्या. एकच खोली, कोपऱ्यात भिजत घातलेल्या वेताची बादली, भिंतीला पाठ लावून रांगेनं बिनबैठकीच्या खुर्च्या. मामांनी दोघींना त्यातल्या त्यात धड खुर्च्यांवर बसवलं.

बाईंनी काही लपवलं नाही. कवळी कशी राहिली, ती कशी कापली, काय झालं, सगळं सांगितलं. "तुमच्या बहिणीचे आहेत, म्हणून आणलेत," म्हणाल्या. "रागावलात तर ऐकून घेईन."

"रागवायचं कशाला?" मामा म्हणाले. "दात नव्हते तेव्हा ती ओठ मिटून बसायची. एका शब्दानं बोलायची नाही. लाज वाटायची तिला, आंधळ्यासमोरसुद्धा. मी म्हणायचो, बोल गं. तर माझ्या तळहातावर बोटानं लिहायची, कवळी आली की सांगते. काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं."

बाईंनी मेणाची कमान त्यांच्या हातात दिली. मामांची बोटं वेतावर फिरतात तशी दातांवरून फिरली. फटीपाशी थांबली. मग खालची मुळं चाचपली.

"गरम आहेत," ते म्हणाले.

बाईंनी ते गार पाण्यातून काढून, पुसून, रुमालात बांधून आणले होते.

मामांनी हात कानापाशी नेला. चेहरा जरा कलता केला, लक्ष देऊन ऐकताना करतात तसा. मग हसले, आणि अगदी घरच्या सुरात, हळू आवाजात आपल्या तळहाताला म्हणाले, "थांब जरा, पाहुण्या बसल्यात. त्या गेल्या की बोलू."

चिमणी उठली तेव्हा तिची खुर्ची मागे कलंडली. ती उचलायलाही कुणी थांबलं नाही.

पुढे बरेच दिवस त्या वाटेनं जायचं दोघींनी टाळलं. पण चिमणीला चैन पडेना. एकदा धीर करून ती बाजारातून येताना मामांच्या दारात उभी राहिली. मामा अंगणात वेत सोलत होते, तब्येत सुधारली होती, शेजारी म्हणत होते की म्हातारा हल्ली फार खुशीत असतो.

"मामा, काय सांगायचं होतं त्यांना?" तिनं विचारून टाकलं.

"घरातली गोष्ट आहे," मामा म्हणाले आणि वेत सोलत राहिले.

उरलेले दात कुणाचे, ते बाईंना आठवेना. कितीतरी दिवस त्यांनी प्रयत्न केला. माणसं बघितलीच नव्हती, तर आठवणार कशी? शेवटी सगळे दात जाळीच्या पिशवीत घालून, दगड बांधून त्यांनी खाणीच्या मध्यावर सोडले. पिशवी सरळ खाली गेली. बुडबुडे मात्र बराच वेळ येत राहिले, एकापाठोपाठ एक. ते संपेपर्यंत बाई काठावर थांबल्या. तेवढं तरी करायला हवं, असं त्यांना वाटलं. मग दोघींनी आपला पंप सोडवला, टब एकात एक रचून टेम्पोत घातले आणि खाण सोडली.

आता त्यांचं काम घरामागच्या सिमेंटच्या टाक्यांत चालतं. शिंपले मरतात, काही जगतात, मोती कधी वाकडे निघतात, कधी बरे. चिमणी पाण्यात हात घालत नाही. ती विक्री बघते, आणि गिऱ्हाइकाशी इतकं बोलते की ते काहीतरी घेऊनच सुटतं. धंदा चालला आहे.

मध्ये एक बाई आल्या होत्या. अलीकडेच त्यांचा मुलगा गेला होता. त्याचा फोटो त्यांनी पुढे केला आणि विचारलं, असा चेहऱ्याचा मोती होईल का? तसा मोती होतो, असं शिकवणारे सर म्हणायचे, साचा करायचा एवढंच.

चिमणीनं वहिनीकडे पाहिलं. कवळीवाल्या बाईंनी फोटो हातात घेतला, नीट बघितला. बघितल्याशिवाय परत देणं त्यांना आता जमत नाही. "नाव काय याचं?" त्यांनी विचारलं. त्या बाईंनी सांगितलं. मग तो कसा होता, काय करायचा, तेही सांगू लागल्या. सांगता सांगता त्यांचा चहा गार झाला, तो चिमणीनं पुन्हा गरम करून आणला.

"चेहरा नाही करत आम्ही," सगळं ऐकून झाल्यावर कवळीवाल्या बाई म्हणाल्या. "पान आहे, फूल आहे. चांदणी आहे. बघा, आवडतंय का."

त्या बाईंनी पान घेतलं.