उशाशी पालथी वाटी

कोयनानगरच्या आमच्या घरात थंडी सुरू झाली की आईचे संध्याकाळचे उद्योग ठरलेले. तिळाचं तेल कोमट करून टाचांना चोळायचं, सकाळच्या बंबासाठी ढलप्या आत आणून ठेवायच्या आणि सगळ्यात शेवटी, खाटेला टेकलेल्या स्टुलावर पितळी तांब्या ठेवून त्याच्या तोंडावर वाटी पालथी घालायची. भुई जरा हलली की वाटी किणकिणते, जोरात हलली तर खाली पडते. तिच्या लहानपणी एका पहाटे भूकंपात घराची भिंत अंगावर आली, तेव्हापासून तिचा भरवसा या वाटीवरच. दाराला कडीही लावायची नाही. पळायची वेळ आली तर कडी चाचपत कोण बसणार?

लग्न होऊन मी सांगलीला आले, पुढे वडील गेले, ती तिथे एकटी राहिली. थंडीत रोज सकाळी तिचा फोन यायचा. वाटी जागेवर हाय, एवढं सांगून ठेवून द्यायची. गेल्या हिवाळ्यात मात्र वाटी वाजली म्हणून फोन यायला लागले. मला धडकीच भरायची. तिथल्या शेजारच्या काकूंना विचारलं तर त्यांना काहीच जाणवलेलं नसायचं. त्यांची झोप गाढ असेल, असं मी धरून चालले.

मी मुळात तापट. यंदा तिचं काही ऐकूनच घेतलं नाही. मार्गशीर्ष लागायच्या आत गाडी घेऊन गेले, घराला कुलूप लावलं आणि तिला आणलं. किल्ली तिने कनवटीला खोचली. घाट उतरल्यावर तिने मग विचारलं, संक्रांतीनंतर परत सोडशील ना? सोडीन म्हणाले. तिचा सगळा जीव त्या घरात, हे मला काय कळत नव्हतं?

सांगलीत असलं काही होत नाही, हे मी तिला दहादा समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि झोपताना स्टूल मागितलं. पिशवीतून तोच तांब्या, तीच वाटी निघाली. ठेवू दे बापडी, कुणाचं काय जातंय, म्हटलं.

आणि एका पहाटे वाटी वाजली. नदीवरून धुकं इतकं चढलं होतं की समोरच्या जिन्यातला दिवासुद्धा दिसत नव्हता. कुत्रीही गप्प. त्या शांततेत बारीक किणकिण, जरा थांबून पुन्हा किणकिण. मी उठून हॉलमध्ये आले. दोरीवरचे कपडे स्थिर, मांडणीतली भांडी स्थिर, देवापुढच्या फुलपात्रातलं पाणी स्थिर. आतल्या खोलीत वाटी मात्र वाजतच होती. दारात जाऊन उभी राहिले तशी ती थांबली. आई गळ्यापर्यंत गोधडी ओढून उघड्या डोळ्यांनी पडली होती.

"भुई माझ्या मागनं आलीया," ती म्हणाली.

नवरा म्हणाला, उंदीर असेल. तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे कुठला आलाय उंदीर! मोबाईलवर बातम्या धुंडाळल्या, काकूंना फोन केला. कुठेच काही नव्हतं. तरी जवळजवळ रोज पहाटे वाटी वाजायची आणि मी दारात गेले की थांबायची. त्या खोलीत दिवसाढवळ्या केर काढायचीही मला भीती वाटायला लागली. हसू नका, तुम्हीही घाबरला असता.

भोगीला तिच्या हातची तीळ लावलेली बाजरीची भाकरी हवी होती. तिने पीठ मळलं, उंडा परातीत ठेवला आणि हात पदराखाली घेतला. यंदा तू थाप, म्हणाली. घरी सोडत नाही म्हणून रुसलीय, असं वाटून मी चिडले. हल्ली चहाही अर्धा कपच मागायची. तोही मी रुसवाच धरला.

संक्रांतीच्या पहाटे मी तिच्या आधी उठले आणि शाल पांघरून तिच्या खोलीत खुर्चीवर जाऊन बसले. काय आहे ते एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं. ती झोपलेली होती, वाटी गप्प होती. खिडकी जराशी उजळली, तिचे डोळे उघडले, आणि खाटेच्या कडेवरचा तिचा उजवा हात थरथरायला लागला. थांबता थांबेना. खाट हलली, खाटेला टेकलेलं स्टूल हललं, वाटी किणकिणली. तिने दुसऱ्या हाताने तो हात दाबून धरला. तेव्हा मी तिला दिसले.

"भुई न्हाई हालत," ती म्हणाली. "मीच हालतीया."

कवापासनं, मी विचारलं. गेल्या थंडीपासून, म्हणाली. आधी तिलाही भुईच वाटली होती, मग एकदा हाताकडे लक्ष गेलं.

"तुला सांगितलं असतं तर घराला कायमचं कुलूप लावलं असतंस."

मी तिचा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तो तिथेही थांबला नाही. मग मला रडू आवरलं नाही.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या आणि आता एकटं ठेवू नका म्हणाले. परत सोडायचं तिने पुन्हा विचारलंच नाही. घरी येताना रिक्षात कनवटीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि बाहेर बघत बसली.

त्या दिवशी झोपायच्या आधी मी स्टूल खाटेपासून वीतभर लांब सरकवलं. पहाटे तरी तिला निवांत वाटावं म्हणून. सकाळी धुकं विरलं, दूधवाला येऊन गेला, वाटी काही वाजली नाही. मी अंथरुणात ऐकत पडले होते. धावत गेले तर ती जागीच होती, छताकडे बघत. हात गोधडीवर नुसता हलत होता, आवाज न करता.

मी स्टूल पुन्हा खाटेला टेकवलं. आता रोज पहाटे मी आधीच जागी असते. वाटी वाजली की मगच उठते आणि चहा टाकते.