हद्दीचा दगड

घाटमाथ्यावर एक मावशी रस्त्याकडेच्या घडीव दगडावर पाणी शिंपडून कोयत्याला धार लावत होत्या. जवळ गेलो, तर तो इंग्रजांच्या जंगलखात्यानं रोवलेला हद्दीचा दगड निघाला. त्यावर इंग्रजी आकडा कोरलेला होता, पण घासून घासून तो तीन आहे की आठ, तेच कळेना. जुन्या वस्तूंचं मला वेड. माझा जीव कळवळला.

"मावशी, फार जुना दगड आहे हो हा. जपायला हवा," मी जरा रागानंच म्हटलं.

"जपला नाय तं काय? रोज हात लागतो त्याला," त्या धार लावता लावताच म्हणाल्या. "माझी सासूबी इथंच धार लावायची. आन् तिची सासूबी."

हा दगड रोवला, त्या दिवसापासून पलीकडचा हिरडा, लाकूड, गवत, सगळं साहेबाचं झालं. तेव्हा इथल्या माणसांनी बंड केलं. डोंगराच्या आडोशानं ती महिनोन् महिने लढली. जे हाती लागले ते फासावर गेले आणि सरकारी कागदांत दरोडेखोर ठरले. आमच्या शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर जेमतेम दोन ओळी होत्या. दुसरी ओळ, 'हे बंड मोडून काढण्यात आले.' मी ती पाठ केली होती.

मावशींनी अंगठ्यानं धार पाहिली, कोयता कमरेला खोचला आणि दगडाकडे न बघता त्या सरळ पलीकडच्या रानात शिरल्या.